संगणकाचा पडदा काळा पडतो तेव्हा

वाचकहो, घरात बटण दाबले आणि दिवा लागला नाही, तर तुम्ही काय करता? आधी शेजारच्या घराकडे पाहता. तिथेही अंधार असला तर म्हणता, लाइन गेली. तिथे उजेड असला तर आपला फ्यूज पाहता, मग बल्ब काढून दुसरा लावून पाहता. घरातली सगळी वायरिंग उपटून टाकावी, असे कुणाच्या मनात येत नाही. पण हाच समंजस माणूस संगणकाचा पडदा काळा पडलेला पाहिला की लगेच म्हणतो, "गेला! आता नवीन घ्यावा लागेल."

मी इतिहास शिकवतो. एम. ए. होईपर्यंत यंत्राशी माझा संबंध सायकलपुरताच होता. तेव्हा आज मी संगणकाच्या पडद्याविषयी सांगायला बसलो आहे, याचे तुम्हाला नवल वाटेल. त्याला कारण घडले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संगणक कक्षातली दहा यंत्रे निर्लेखित करण्याचा प्रस्ताव आला. निर्लेखन हा कचेरीतला शब्द. साध्या भाषेत भंगारात काढणे. त्या समितीत मी होतो. यंत्रांवर लिनक्स ही प्रणाली नव्याने भरली होती आणि त्यानंतर एकाही पडद्यावर चित्र येत नव्हते. पाहायला आलेल्या दुरुस्तीवाल्याने निदान केले, "ग्राफिक्स कार्डं गेली. जुना माल आहे, टाकून द्या."

दहाच्या दहा कार्डे एकाच दिवशी गेली? गावातल्या दहा माणसांना एकाच रात्री उलट्या झाल्या, तर आपण दहा वेगळी दुखणी शोधत नाही. विहिरीचे पाणी तपासतो. कक्षातल्या मदतनीस मुलाला मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, पयले अक्षरं येतेत, मंग अंधार होते." हे त्याचे वाक्य फार मोलाचे होते. का, ते पुढे कळेल.

आधी हे चित्र पडद्यावर येते कसे, ते पाहू. पडदा म्हणजे चौकटीच्या वहीचे एक मोठे पान समजा. आडव्या ओळीत १,०२४ चौकटी आणि अशा ७६८ ओळी, हे एक पुष्कळ वर्षे रुळलेले माप आहे. गुणाकार केला तर ७,८६,४३२ ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला चार बाइट लागतात असे धरले, तर एका चित्राला बरोबर तीन मेगाबाइट जागा लागते. ही जागा ग्राफिक्स कार्डाजवळ असते. स्वस्त यंत्रांत ती संगणकाच्या मुख्य स्मृतीतूनच उसनी घेतलेली असते. कार्डाचे काम एवढेच, की त्या जागेत लिहिलेले रंग डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, सेकंदाला साठ वेळा मॉनिटरकडे पाठवत राहायचे.

आता शेतकरी वाचकांना एक गोष्ट लगेच समजेल. नांगर तासाच्या टोकाला पोचला म्हणजे बैलांना वळायला बांधाशी थोडी जागा लागते. जुन्या काचनळीच्या मॉनिटरमधल्या किरणालाही ओळ संपली की परत फिरायला वेळ लागत असे, आणि पान संपले की पुन्हा वर जायला लागत असे. म्हणून दिसणारे ठिपके १,०२४ असले, तरी हिशेब धरायचा १,३४४ चा. ओळी ७६८ असल्या, तरी धरायच्या ८०६. सपाट पडद्यात किरण राहिला नाही, तरी ही वळणाची जागा सोडण्याची रीत पुष्कळ अंशी तशीच चालू राहिली. सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके पाठवले आणि त्यांना १,३४४ ने भागले, म्हणजे सेकंदाला सुमारे ४८,३६० ओळी होतात. याला म्हणायचे आडवी वारंवारता, ४८.४ किलोहर्ट्झ. तिला ८०६ ने भागले की येतात साठ चित्रे. ही झाली उभी वारंवारता, ६० हर्ट्झ. एवढे दोन आकडे ज्याला उमगले, त्याला या विषयातले निम्मे उमगले.

कार्ड ज्या गतीने पाठवते, ती गती मॉनिटरला झेपली पाहिजे. यवतमाळची शकुंतला गाडी आता धावत नाही; पण ज्यांनी तिच्यातून प्रवास केला आहे त्यांना आठवेल, की मूर्तिजापूरला उतरून गाडी बदलावी लागे. आपल्या रुळांमधले अंतर अडीच फूट, तिथून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाच्या रुळांमधले साडेपाच फूट. इंजिन चांगले होते, रूळ चांगले होते, माणसेही चांगली होती. पण माप जुळत नाही म्हटल्यावर गाडी पुढे जाणार कशी? मॉनिटर "आउट ऑफ रेंज" असे लिहितो, तेव्हा तो हेच सांगत असतो. कार्ड शाबूत आहे, मी शाबूत आहे, आमचे माप जुळत नाही.

हे माप ठरवते कोण? इथे युनिक्स घराण्याची रीत समजून घेतली पाहिजे. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत झाला. लिनक्स ही त्याच वळणावर लिहिलेली प्रणाली १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केली. या घराण्यात चित्र काढणे हे प्रणालीच्या गाभ्याचे काम मानले गेले नाही. ते एका वेगळ्या कार्यक्रमाकडे सोपवले. त्याचे नाव एक्स. बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांनी १९८४ साली एमआयटी या संस्थेत त्याचे काम सुरू केले आणि १९८७ साली त्याची अकरावी आवृत्ती आली. तीच पुढे टिकली, म्हणून आजही त्याला एक्स-इलेव्हन म्हणतात. साध्या घरगुती संगणकांवर तो चालवण्याचे काम एक्सफ्री-एटीसिक्स या मंडळींनी केले. २००४ साली परवान्याच्या अटींवरून त्यांच्यात फूट पडली आणि पुढचे काम एक्स-ऑर्ग या संस्थेकडे आले.

चित्राचा कार्यक्रम वेगळा ठेवल्याचा आपल्याला काय फायदा? असा, की चित्र पडले तरी संगणक पडत नाही. नाटकाचा पडदा अडकला म्हणून नट मरत नाहीत. ते मागे उभेच असतात. काळ्या पडद्यासमोर बसून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री या तीन कळा एकदम दाबा. पुष्कळदा साधा अक्षरी पडदा समोर येतो आणि यंत्र तुमचे नाव विचारते. म्हणजे ते जिवंत आहे आणि बोलायला तयार आहे.

आमच्या मदतनीसाचे वाक्य आता पुन्हा वाचा. आधी अक्षरे येतात, मग अंधार होतो. अक्षरे दिसतात, याचा अर्थ मॉनिटर, तार आणि कार्ड ही तिन्ही कामे करीत आहेत. एक्स सुरू होतो त्या क्षणी अंधार होतो, म्हणजे दोष एक्सला दिलेल्या सूचनांत असला पाहिजे. कार्ड भंगारात काढण्याचे कारणच उरले नाही.

जुन्या काळी, म्हणजे १९९० च्या दशकात, या सूचना माणसाला हाताने लिहाव्या लागत. कार्ड कोणते, मॉनिटरला किती किलोहर्ट्झ झेपतात, कोणते माप हवे, हे सारे एका फाइलीत मांडायचे. आकडा चुकला तर काही काचनळीच्या मॉनिटरांना इजाही होऊ शकत असे, म्हणून लोक भीतभीत लिहीत. पुढे मॉनिटर स्वतःच आपली ओळख सांगू लागला. १९९४ साली ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे त्याच्या पोटात १२८ बाइटांची एक ओळखचिठ्ठी असते: बनावट कोणती, कोणती मापे चालतात, कोणते सर्वांत योग्य. कार्ड तारेतून ती चिठ्ठी वाचते. २००९ पासून लिनक्सचा गाभाच ही चिठ्ठी वाचून माप ठरवू लागला. त्यामुळे आज बहुतेक यंत्रांवर ती हाती लिहिलेली फाइल नसतेच, आणि नसलेलीच बरी.

पण फाइल असली, तर एक्स तिचे ऐकतो. हाताने लिहिणारा माणूस काही जाणून लिहीत असेल, असा त्याचा विश्वास! आमच्या दहा यंत्रांत नेमके हेच घडले होते.

एक्स आपल्या कामाची रोजनिशी ठेवतो. ती व्हार नावाच्या कप्प्यातल्या लॉग या पोटकप्प्यात, किंवा नव्या प्रणालींत वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कप्प्यात सापडते. अक्षरी पडद्यावरून ती उघडली आणि मला माझ्या विषयाचीच गोष्ट समोर दिसली. आम्ही जुना कागद वाचताना पहिला प्रश्न विचारतो: हे लिहिणाऱ्याने स्वतः पाहून लिहिले, की कुणाचे ऐकून? या रोजनिशीत ओळीच्या आरंभी तीच खूण केलेली असते. दोन आडव्या रेघा असल्या तर यंत्राने स्वतः तपासून घेतलेली गोष्ट. दोन तारका असल्या तर फाइलीत कुणी लिहून ठेवले म्हणून मानलेली गोष्ट. बरोबरची दोन चिन्हे असली तर गृहीत धरलेली गोष्ट. रोमन लिपीतला ई दोनदा आला तर चूक, डब्ल्यू दोनदा आला तर इशारा आणि आय दोनदा आला तर नुसती माहिती.

आमच्या रोजनिशीत पडदा काळा पडण्याचे कारण सांगणारी एकही ई-ई ओळ नव्हती. एक्सच्या मते सारे ठीक होते. पण मॉनिटरच्या नावापुढे दोन तारका होत्या, आणि ईटीसी या कप्प्यातल्या एक्स-ऑर्ग-डॉट-कॉन्फ नावाच्या फाइलीचा दाखला होता. ती फाइल उघडली. तिच्यात १,२८० गुणिले १,०२४ हे माप, सेकंदाला ७५ चित्रे, असा हुकूम होता. म्हणजे ओळी सेकंदाला सुमारे ८०,०००. आमच्या पंधरा इंची मॉनिटरच्या पुस्तिकेत मर्यादा होती ६१ किलोहर्ट्झ. दुसऱ्या ठिकाणी मोठ्या मॉनिटरवर तयार केलेल्या एका डिस्कच्या दहा प्रती काढून आमच्या यंत्रांत बसवल्या होत्या, आणि तिथल्या मॉनिटरची फाइल तशीच सोबत आली होती. पाणी विहिरीतलेच बिघडले होते!

उपाय केला तो इतकाच: फाइलीचे नाव बदलले आणि यंत्र पुन्हा सुरू केले. नाव बदलायचे, पुसायचे नाही. जुना कागद फाडू नये हा आमच्या शास्त्रातला नियम इथेही उपयोगी आहे. यंत्राने मॉनिटरची चिठ्ठी वाचली, ठीक माप घेतले आणि चित्र आले. उरलेल्या नऊ यंत्रांना त्याच दुपारी तीच मात्रा दिली.

प्रत्येक वेळी इतके सोपे नसते, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा तपासणीचा क्रम लक्षात ठेवा.

प्रथम तार घट्ट आहे का आणि ती योग्य छिद्रात आहे का ते पाहा. वेगळे कार्ड बसवलेले असताना तार मूळ फळीच्या छिद्रात लावलेली, असे पुष्कळदा आढळते. मग कोणते कार्ड आहे ते यंत्रालाच विचारा. एल-एस-पी-सी-आय ही रोमन लिपीतली पाच लहान अक्षरे, मग जागा सोडून वजा चिन्ह आणि के, इतके लिहिले की कार्डाचे नाव आणि त्याला चालवणारा ड्रायव्हर दोन्ही दिसतात. ड्रायव्हर म्हणजे कार्डाची भाषा जाणणारा दुभाषा. इंटेल आणि एएमडी यांच्या कार्डांचे दुभाषे लिनक्सच्या गाभ्यातच मिळतात. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी नूव्हो नावाचा लोकांनी तयार केलेला दुभाषा आहे आणि कंपनीचा स्वतःचाही आहे. कंपनीचा वापरत असाल तर एवढे ध्यानात ठेवा, की गाभ्याची नवी आवृत्ती घेतली की त्याचीही तिला जुळणारी आवृत्ती लागते, आणि फार जुनी कार्डे नव्या आवृत्तीतून वगळलेली असतात. काल चांगला चाललेला संगणक आज अद्ययावत केल्यावर काळा पडला, तर पहिला संशय इथे घ्यावा. सुरुवातीच्या यादीत जुना गाभा शिल्लक असतो. तो निवडून पाहावा.

अक्षरी पडदाही येत नसेल, तर यंत्र सुरू होताना येणाऱ्या यादीत ई ही कळ दाबा. लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नो-मोड-सेट हा शब्द रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एफ-टेन दाबा. गाभा मग माप ठरवण्याच्या भानगडीत पडत नाही आणि साधे, ओबडधोबड चित्र देतो. हा कायमचा इलाज नव्हे. मोडलेल्या पायाला काठी द्यावी तसा तो आधार आहे. त्यावर उभे राहून खरा दोष शोधायचा.

कधी मॉनिटरची चिठ्ठीच पोचत नाही. मॉनिटर फार जुना असतो, किंवा मध्ये स्वस्तातला जोड असतो. अशा वेळी मात्र माप हाताने सांगावे लागते. सी-व्ही-टी ही आज्ञा हव्या त्या मापाचे सारे आकडे काढून देते. ते आकडे एक्स-रँड-आर या आज्ञेने आधी तात्पुरते लावून पाहा. चुकले तर बाहेर पडून पुन्हा आत या, सारे पूर्ववत होते. बरोबर ठरले, तरच लहानशी फाइल करून कायम करा. आधी कच्ची टाचणी, मग पक्की शिलाई.

अलीकडे आणखी एक फरक झाला आहे. एक्सच्या जागी वेलँड नावाची नवी पद्धत रूढ होत आहे. क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांनी तिची सुरुवात २००८ साली केली आणि आज पुष्कळ लिनक्स प्रणाली आपण होऊन तीच वापरतात. तिथे वर सांगितलेली एक्सची फाइल वाचली जात नाही, आणि रोजनिशी पाहायला जर्नल-सी-टी-एल ही आज्ञा लागते. पण कार्ड, ड्रायव्हर, मॉनिटरची चिठ्ठी आणि वारंवारता यांचा हिशेब तिथेही तोच आहे.

आता तुम्ही म्हणाल, चित्र नसले तर नसले. अक्षरी पडद्यावर काम करता येत नाही का? इंग्रजीत येते. मराठीत येत नाही, आणि मला सांगायचे आहे ते इथेच. व्हीजीए कार्डाच्या अक्षरी पद्धतीत एका वेळी २५६, फार तर ५१२ आकृती मावतात, आणि प्रत्येक आकृतीला एकेक ठरीव चौकट मिळते. आपल्या जोडाक्षरांना, वेलांट्यांना, 'दऱ्या' आणि 'वाऱ्या' यांतल्या र ला ही चौकट पुरत नाही. म्हणूनच १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे आणि नंतर पुण्याच्या सी-डॅक संस्थेत जिस्ट नावाचे खास कार्ड तयार झाले. ते संगणकाच्या पेटीत बसवले, की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. आज ते काम सॉफ्टवेअर करते. युनिकोड संकेत, लोहितसारखे मुक्त फाँट आणि जोडाक्षर जुळवणारे कार्यक्रम मिळून प्रत्येक अक्षराचे चित्रच काढतात. म्हणजे चित्राचा पडदा आला तर मराठी आली, तो गेला तर मराठी गेली.

त्या दहा यंत्रांपुढे आज कोण बसते? घाटंजी, आर्णी, झरी जामणी या बाजूंच्या खेड्यांतून एसटीने येणारी मुले बसतात. मोबाइल त्यांच्या हातात आहे. पण शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज भरायला, मराठीत चार पाने टंकायला, हिशेबाचा तक्ता मांडायला मोठा पडदा आणि कळफलक लागतो. शेवटच्या गाडीच्या आत काम आटोपायचे असते. नवी यंत्रे घ्यायची तर अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांत एक वर्ष सहज निघून जाते, आणि मुलांचे वर्ष थांबत नाही. निर्लेखनाच्या त्या प्रस्तावावर माझी सही झाली असती, तर एका चुकीच्या फाइलीपायी एक अख्खा वर्ग यंत्रावाचून राहिला असता. सही करायला मी पेन काढलेही होते, हे कबूल करतो.

तेव्हा वाचकहो, तुमच्या शाळेत, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत काळ्या पडद्याचा संगणक कोपऱ्यात धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी अर्धा तास त्याच्यासमोर बसा. अंधार होण्याआधी काय दिसते ते पाहा. त्याची रोजनिशी वाचा. यंत्राने स्वतः तपासलेले कोणते आणि कुणाच्या सांगण्यावरून मानलेले कोणते, हे वेगळे करा. एवढे करूनही काही निघाले नाही, तर खुशाल निर्लेखन करा. तेव्हा तरी तुमची सही माहितीवर झालेली असेल.